चंदगड वगळून

एक नोव्हेंबरला बेळगावात घराबाहेर पडायचं तर आधी सदऱ्याचा रंग ठरवावा लागतो. राणी चन्नम्मा चौकाकडे निघालेल्यांच्या गळ्यात पिवळी-तांबडी उपरणी असतात. कपाळावर तेच दोन रंग, दुचाकीला तोच झेंडा, मागे चित्ररथ आणि कानठळ्या बसवणारा डीजे. मिरवणूक सुरू झाली की रात्र होईपर्यंत चौक हलत नाही. त्याच सकाळी संभाजी उद्यानापाशी काळे सदरे, काळ्या साड्या, दंडाला काळ्या फिती अशी माणसं सायकली घेऊन जमतात. फेरीला कुठल्या वर्षी परवानगी मिळते, कुठल्या वर्षी मिळत नाही. पण फेरी निघते आणि मराठा मंदिरातल्या सभेनं संपते. हे दोन जमाव एकमेकांसमोर येऊ न देणं ही पोलिसांची त्या दिवसाची खरी कामगिरी.

कन्नड जमावाचा राज्योत्सव, मराठी जमावाचा काळा दिन. दोन्ही जन्मले एकाच तारखेला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी.

त्या दिवशी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला. अ, ब, क वर्गातल्या राज्यांचा जुना पसारा आवरला गेला आणि १४ राज्यं व ६ केंद्रशासित प्रदेश असा नवा नकाशा उभा राहिला. तेलंगण जोडून आंध्र प्रदेश झाला. त्रावणकोर-कोचीनला मलबार मिळून केरळ झालं. म्हैसूर फुगून दुपटीच्या वर गेलं. कन्याकुमारी मद्रासकडे आली. भाषेच्या मापानं देश बेतला, असं आपण एका वाक्यात म्हणून मोकळे होतो. बेतताना कात्री कुठे थांबली आणि कुठे मुद्दाम थांबवली, हे पाहायचं तर त्या कायद्याचं सातवं कलम उघडावं.

हे कलम नव्या म्हैसूर राज्याचं. मुंबई राज्याचे कोणते जिल्हे, हैदराबादचे कोणते, मद्रासचे कोणते, अशी ती यादी आहे; पण वाचताना लक्षात राहतो तो एकच शब्द, ‘वगळून’. बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून. गुलबर्गा जिल्हा, कोडंगल आणि तांडूर वगळून. रायचूर जिल्हा, आलमपूर आणि गदवाल वगळून. बिदर जिल्हा, अहमदपूर, निलंगा, उदगीर वगळून. दक्षिण कानडा जिल्हा, कासरगोड वगळून. वगळलेल्यांपैकी चंदगड, अहमदपूर, निलंगा, उदगीर हे मराठी तालुके मुंबई राज्यात आले, तेलुगू तालुके आंध्रात गेले आणि कासरगोड केरळात. बिदरची तर तिघांत वाटणी झाली. म्हणजे जिल्हा फोडता येत नव्हता असं नाही. बिदर तालुक्या-तालुक्यानं फोडला, बेळगावात मात्र कात्री चंदगडाशी थांबली. खुद्द बेळगाव, खानापूर, निपाणीचा भाग यांच्या नशिबी ‘वगळून’ आलं नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचं मूळ या एका शब्दाच्या असण्या-नसण्यात आहे, असं म्हटलं तर फारशी चूक होणार नाही.

गंमत अशी की ज्या दोन राज्यांत हे भांडण आहे, त्या दोन्ही राज्यांचं स्वप्न पहिल्यांदा मोठ्यानं बोललं गेलं ते बेळगावातच.

डिसेंबर १९२४. काँग्रेसचं एकोणचाळिसावं अधिवेशन बेळगावात भरलं. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, ते इथे. छावणीला नाव दिलं होतं विजयनगर. हुईलगोळ नारायणराव यांचं कन्नड नाडूच्या उदयाचं गीत याच मांडवात गायलं गेलं आणि पुढे कर्नाटकात घरोघरी पोचलं. स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत धारवाडची एक लहानगी होती, पुढे ती गंगूबाई हनगल म्हणून ओळखली गेली. त्याच जागी, त्याच दिवसांत सिद्दप्पा कंबळी यांच्या अध्यक्षतेखाली पहिली कर्नाटक एकीकरण परिषद झाली. कन्नड मुलूख तेव्हा मुंबई, मद्रास, निजाम, म्हैसूर, कूर्ग यांच्यात विखुरलेला होता. शिवाय जमखंडीचे पटवर्धन, मुधोळचे घोरपडे, रामदुर्गचे भावे असे मराठी संस्थानिक कन्नड रयतेवर राज्य करत होते, ते वेगळेच.

मे १९४६. त्याच बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर. या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि पुढच्या चौदा वर्षांच्या लढ्याची सुरुवात इथून मोजली जाते. ज्या गावात ठराव झाला ते गावच शेवटी महाराष्ट्राबाहेर राहिलं.

एकाच गावाला दोन भाषांनी आपलं म्हणण्याची ही वेळ काही अचानक आली नव्हती. गंगाधरराव देशपांडे यांच्याकडे पाहिलं की ते कळतं. १९२४च्या अधिवेशनाचा भार त्यांच्या खांद्यावर होता. कन्नड लोक त्यांना ‘कर्नाटक सिंह’ म्हणतात. हा सिंह टिळकांचा पट्टशिष्य, आणि त्यानं आपलं आत्मचरित्र लिहिलं ते मराठीत. कर्नाटक एकीकरणाचे पुरोहित म्हणवले गेलेले आलूर वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनी कन्नडात नेलं. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ते सोलापूरच्या महाविद्यालयात कैक वर्षं शिकवत होते. खुद्द टिळकांनी होमरूल लीग स्थापली तीही १९१६ साली बेळगावातच. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत असताना त्यांना भेटलेले ‘गणगोत’मधले रावसाहेब आठवा. त्यांची ती कानडी वळणाची, शिव्यांनी सजलेली मराठी कुठल्या तालुक्यात घालायची, हे कोणत्याही आयोगाला सांगता आलं नसतं.

मात्र या सरमिसळीचा एक पदर मराठी वाचकाला सहसा दाखवला जात नाही. पेशवाईनंतरही धारवाड-बेळगाव भागात कचेरीची आणि शाळेची भाषा बरीच वर्षं मराठी होती. कन्नड मुलाला लिहायला-वाचायला शिकायचं तर मराठीच्या दारातून जावं लागे. डेप्युटी चन्नबसप्पा या शिक्षणाधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कन्नड शाळा उघडण्यासाठी जिवाचं रान केलं. १८९०मध्ये धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला. बेळगावात आज कन्नड पाटीचा जो हट्ट दिसतो, त्याच्या तळाशी ही शे-दीडशे वर्षांची आठवण आहे. तिनं आजच्या सक्तीचं समर्थन होत नाही, पण ती माहीत नसेल तर पलीकडचा राग निव्वळ आडमुठेपणा वाटत राहतो.

भाषेवर प्रांत आखावेत, हे काँग्रेसनं १९२०च्या नागपूर अधिवेशनात मान्य केलं होतं. स्वतःच्या प्रांतिक समित्या तिनं भाषेप्रमाणे पाडूनही घेतल्या. स्वातंत्र्य मिळालं आणि फाळणीच्या धक्क्यानं नेत्यांचं मन पालटलं. १९४८च्या दार आयोगानं नको म्हटलं. मग नेहरू, पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीनं एप्रिल १९४९मध्ये ‘सध्या नको’ म्हटलं. आंध्रापुरतं दार मात्र किलकिलं ठेवलं.

ते दार पोट्टी श्रीरामुलूंनी उघडलं, प्राण देऊन. ऑक्टोबर १९५२मध्ये मद्रासेत सुरू केलेल्या उपोषणात डिसेंबरच्या मध्यावर त्यांचा अंत झाला. तेलुगू मुलखात आगडोंब उसळला आणि चार दिवसांत नेहरूंना आंध्र राज्याची घोषणा करावी लागली. १ ऑक्टोबर १९५३ला कर्नूल राजधानी असलेलं आंध्र राज्य झालं. त्या वेळी बल्लारी जिल्हाही तालुक्या-तालुक्यानं फोडला होता: आडोनी, आलूर, रायदुर्ग आंध्रात, बल्लारीसह उरलेले म्हैसुरात.

आता कोणालाच थांबवणं शक्य नव्हतं. डिसेंबर १९५३मध्ये न्यायमूर्ती फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांचा आयोग नेमला गेला. सप्टेंबर १९५५च्या अखेरीस अहवाल आला. कन्नड लोकांना त्यात एकसंध राज्य मिळालं. जुन्या म्हैसुरातल्या अनेकांना ते नकोच होतं. आपल्या धरणांचं पाणी आणि विजेचा पैसा उत्तरेकडच्या कोरड्या जिल्ह्यांत जाईल अशी त्यांची धास्ती होती. मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या आणि कवी कुवेंपू यांच्यासारखी माणसं एकीकरणाच्या बाजूनं उभी राहिली म्हणून ते निभावलं. मराठी माणसाच्या पदरात मात्र गुजरातीभाषकांसह द्वैभाषिक मुंबई राज्य आणि त्याबाहेर वेगळा विदर्भ अशी शिफारस पडली. बेळगावबद्दल आयोगाचं म्हणणं असं, की शहर जिल्ह्याचं ठाणं आहे, व्यापार आणि कारभारानं जिल्ह्याशी बांधलेलं आहे, तेव्हा जिल्हा जिकडे तिकडे शहर. भाषेचा प्रश्न सोडवायला बसलेल्या आयोगानं इथे बाजारपेठ आणि कचेरी जास्त मोलाची मानली. तोच निकष लावला असता तर बेळगावच्या बाजारावर जगणारं चंदगडही तिकडेच राहायला हवं होतं.

बाबासाहेब आंबेडकरांनी याच सुमारास या अहवालावर एक पुस्तिका लिहिली. एका राज्यात एक भाषा असावी, पण एका भाषेचं एकच राज्य असलं पाहिजे असं नाही, हा त्यांचा मुद्दा. महाराष्ट्राचे चार भाग करावेत, असं त्यांनी सुचवलं होतं. लढ्याच्या धामधुमीत ते कोणी मनावर घेतलं नाही.

१६ जानेवारी १९५६ला मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील अशी घोषणा नेहरूंनी केली. मुंबईत गोळीबार झाले. बेळगावातही दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, गोळीबारात माणसं पडली. बेळगावकर तो दिवस आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतात. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. अखेर ऑगस्टमध्ये संसदेनं तडजोड काढली: मुंबई, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, विदर्भ, मराठवाडा, सगळ्यांचं मिळून एकच प्रचंड द्वैभाषिक राज्य.

मराठी इतिहासात सहसा न नोंदलेली एक गोष्ट इथे दडली आहे. १ नोव्हेंबर १९५६ला यशवंतराव चव्हाण या द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री झाले, आणि त्याच दिवशी हैदराबाद राज्यातून आलेला मराठवाडा, मध्य प्रदेशातून आलेला विदर्भ आणि मुंबई राज्यातला मराठी मुलूख हे आधुनिक काळात पहिल्यांदा एका सरकारखाली आले. उदगीर आणि चांदा यांचा मुख्यमंत्री एक झाला तो १९६०च्या मे महिन्यात नव्हे, साडेतीन वर्षं आधी. तरीही महाराष्ट्रात या तारखेला कोणी हार घालत नाही, आणि ते बरोबरच आहे. लोकांनी मागितलं एक होतं, हाती दिलं होतं दुसरंच. नेहरू नोव्हेंबर १९५७मध्ये शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणाला प्रतापगडावर आले, तेव्हा वाटेवर काळी निशाणं घेतलेली माणसं उभी होती. द्वैभाषिकाचं भवितव्य त्या रस्त्यावरच दिसलं. १ मे १९६०ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. ‘बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव’ या घोषणेतली चारही नावं बाहेरच राहिली.

बाकीच्यांनी आपापले वाढदिवस कसे साजरे केले, हाही एक मासलेवाईक विषय आहे. केरळात ‘केरळ पिरवी’ला शाळा-कचेऱ्यांत सोनेरी काठाच्या पांढऱ्या साड्या आणि मुंडू दिसतात, आणि तेवढ्यावर दिवस साजरा होतो. तमिळनाडूची पंचाईत वेगळी. १ नोव्हेंबरला त्यांच्या राज्यातून बरंच काही गेलं होतं, त्यामुळे साजरं काय करायचं? २०१९मध्ये तिथल्या सरकारनं हाच दिवस ठरवला. पुढच्या सरकारनं २०२१मध्ये तो बदलून १८ जुलै केला, कारण १९६७मध्ये त्या तारखेला राज्याचं नाव तमिळनाडू करण्याचा ठराव विधानसभेत झाला होता. आंध्राचं तर विचारूच नये. १ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर की तेलंगण वेगळं निघालं तो २ जून, यात काही वर्षं घोळ चालला आणि २०१९मध्ये गाडी परत १ नोव्हेंबरवर आली.

कर्नाटकात मात्र उत्सव वर्षागणिक वाढत गेला. १९५६मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी बंगळुरात नव्या राज्याचं उद्घाटन केलं, निजलिंगप्पा मुख्यमंत्री झाले, पण राज्याचं नाव तेव्हा म्हैसूरच राहिलं. म्हैसूरकरांच्या मनातून ते जायला सतरा वर्षं लागली. १ नोव्हेंबर १९७३ला देवराज अर्स यांच्या काळात ‘कर्नाटक’ हे नाव आलं. पिवळा-तांबडा झेंडा मा. राममूर्ती यांनी साठच्या दशकात तयार केला. तो चळवळीचा झेंडा. पुढे सरकारी समारंभांतही फडकू लागला. त्याच १ नोव्हेंबरला, २०१४ साली, बारा शहरांची नावं सरकारी कागदावर बदलली आणि ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ झालं. मराठी माणूस आधीही बेळगाव म्हणत होता, अजूनही म्हणतो.

बेळगावात या उत्सवाला जी धार आहे ती बंगळुरात नाही. तिथे तो अभिमानाचा दिवस, इथे तो हक्क सांगण्याचा. २००६मध्ये कर्नाटकानं विधिमंडळाचं अधिवेशन इथे भरवलं. २०१२मध्ये शहराबाहेर सुवर्ण विधानसौध उभं राहिलं. वर्षातले थोडे दिवस वापरायला एवढी इमारत कोणी उगाच बांधत नाही.

मधल्या काळात सीमाप्रश्न सोडवण्याची एक संधी आली होती. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. ऑगस्ट १९६७मध्ये त्यांनी सांगितलं: निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत भागातली २४७ गावं म्हैसूरला, आणि कासरगोडचा उत्तर भाग केरळकडून म्हैसूरला. बेळगाव शहर आहे तिथेच. महाराष्ट्रानं ते फेटाळलं, केरळनंही फेटाळलं. बॅरिस्टर अंतुले यांनी त्या अहवालाची चिरफाड करणारं पुस्तक इंग्रजीत लिहिलं. महाराष्ट्राचा आग्रह राहिला तो खेडं हा घटक, सलग प्रदेश आणि भाषकांचं बहुमत या सूत्राचा, ह. वि. पाटसकरांनी आंध्र-मद्रास सीमेसाठी हेच सूत्र वापरलं होतं. मागणी तात्त्विकदृष्ट्या पक्की होती. आयोग नेमा म्हणायचं आणि निकाल मनासारखा नाही म्हणून झिडकारायचा, यात मात्र महाराष्ट्रानं आपला नैतिक दावा थोडा पातळ केला, हे कबूल करायला हवं. निपाणी-खानापूर त्या वेळी पदरात पाडून घेऊन बेळगावसाठी भांडत राहता आलं असतं का, हा प्रश्न सीमाभागातली जुनी माणसं अजूनही चघळतात.

ऐंशीच्या दशकात भांडण शाळेच्या वर्गात शिरलं. विनायक कृष्ण गोकाक यांच्या समितीनं कन्नडला शाळेत अग्रस्थान द्यावं असं सुचवलं आणि १९८२मध्ये अभिनेते राजकुमार यांच्या नेतृत्वाखाली त्यासाठी प्रचंड चळवळ झाली. गोकाक हे स्वतः सांगलीच्या विलिंग्डनचे आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले! सीमाभागातल्या मराठी शाळांवर कन्नडसक्ती आली तेव्हा १ जून १९८६ला बेळगाव परिसरात आंदोलकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या आंदोलनात शरद पवारांना अटक झाली आणि छगन भुजबळ वेषांतर करून शहरात घुसले. ती कथा बेळगावात अजून रंगवून सांगतात. २००४मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. ८६५ गावांचा हा दावा त्यानंतर दोन दशकं उलटली तरी निकाली निघालेला नाही.

एवढं सगळं होऊनही बेळगावचा बाजार दोन्ही भाषांत चालतो. खडेबाजारात कुंदा घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक मराठीत भाव विचारतं, दुकानदार फोनवर कन्नड बोलता बोलता त्याला मराठीत उत्तर देतो आणि सुटे मागताना हिंदीवर येतो. भाषेवरून त्यातलं कोणी कोणाला अडवत नाही. अडवणूक होते ती सातबाऱ्यावर, रेशन कार्डावर, बसच्या पाटीवर, ग्रामपंचायतीच्या नोटिशीवर. तो कागद आपल्या भाषेत मिळावा एवढी मागणी पुरी करायला सीमा हलवावी लागत नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या सोयी घटनेत १९५६च्या दुरुस्तीपासूनच आहेत. बेळगावच्या मराठी माणसाला त्या मिळाव्यात आणि अक्कलकोट-जतच्या कन्नड माणसालाही. खटला चालू असतानाही दोन्ही सरकारांना हे करता येईल.

चंदगडचं काय झालं? ते कोल्हापूर जिल्ह्यात गेलं. जिल्ह्याचं ठाणं शंभर किलोमीटरच्या पलीकडे आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ, त्यामुळे लग्नाचा बस्ता, दवाखाना, यंत्राचे सुटे भाग यासाठी तालुक्यातली माणसं आजही बेळगावच गाठतात. महाराष्ट्राच्या सुट्ट्यांच्या यादीत १ नोव्हेंबर नाही. चंदगडात तो कामाचा दिवस असतो. फक्त त्या दिवशी बेळगावचं काम कोणी काढत नाही.